सगळ्यात वरचा कान

नवस बोलताना माणसानं आखूड बोलावं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. तशी एरवी मी फार बोलणारी नव्हे. माझा आवाजच मुळात बारीक. बाजारात मी तुळस मागितली की भाजीवाली शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारते, "ह्या काय म्हणतायत?" पण बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकले, हातात उदबत्त्या आल्या, की माझ्या जिभेला कुठून पाय फुटतात कोणास ठाऊक.

आमची पियानुत सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसली होती. आधी बसली होती तेव्हाही मी प्रार्थनाच केली होती, पण कोरडी. या खेपेला नवस बोलायचा असं ठरवून मी विहारात गेले. मांडीवर आमची गाथांची पोथी होती. पोथी कसली, टाचण्या निसटलेली पानांची जुडी. तिच्यामुळे आमच्या मंडपात काय होतं ते सांगायला नको. भन्ते तिसऱ्या गाथेत पोचलेले असतात आणि मागच्या रांगेतल्या बायका अजून पहिलीचं पान शोधत असतात. सापडलं की विजयी चेहऱ्यानं ती मोठ्यानं म्हणतात, आणि तेवढ्यात भन्ते आशीर्वाद देऊन पाणी पीत असतात. तर मी डोळे मिटून हात जोडले, आणि नेमकी तेव्हाच जुडीतली निम्मी पानं मांडीवरून घसरून फरशीवर पसरली. पवित्र गाथा फरशीवर! मी घाबरले आणि त्या घाबरेपणात बोलून गेले, "लेक पास होऊ दे. पावसाळ्याचा वर्षावास सुरू व्हायच्या आत, भन्ते तीन महिने विहारात मुक्कामाला बसायच्या आत, मी मंडपातल्या सगळ्यांना नवी पोथी करून देईन. कड्यांच्या फायलीत घातलेली, प्रत्येक वाराला वेगळा कानवाला पुठ्ठा असलेली. या मंडपात पुन्हा कोणाचं पान चुकणार नाही."

पियानुत पास झाली.

आता आमच्याकडे वार म्हणजे नुसतं कॅलेंडरचं काम नाही. माणूस ज्या वारी जन्मला त्या वाराची त्याची मूर्ती, त्याचा रंग, त्याची गाथा. वार सात असले तरी मूर्ती आठ, कारण बुधवारचे दोन भाग पडतात, दिवसाचा आणि रात्रीचा. मी बुधवार रात्रीची. आमच्यावर राहूची सत्ता आणि आमचा रंग काळा, त्यामुळे बुधवार रात्रीची माणसं विचारल्याशिवाय आपला वार सांगत नाहीत, आणि विचारलं तर आधी "बुधवार" एवढंच म्हणून बघतात.

घरी येऊन नवस सांगितला तेव्हा आमचे यजमान थविन पंखा दुरुस्त करत होते. नळखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते तो एकच पंखा दुरुस्त करतात. हातातला स्क्रू खाली ठेवून म्हणाले, "तू देवाला स्टेशनरी कबूल केलीस?"

शेजारच्या सामरुआयनं तर कपाळालाच हात लावला. ती दारात मोठ्या पातेल्यात नारळाच्या दुधातली केळी शिजवून विकते, आणि केळी शिजेपर्यंत सगळ्या गल्लीचा न्याय करते. "अगं ताई, सगळं जग नवसाला उकडलेली अंडी बोलतं! माझ्या भावानं बोलली, त्याच्या साल्यानं बोलली. टोपलीभर उकडायची, ठेवायची, हात जोडायचे, उरलेली घरी आणून खायची. अंड्याला कान नसतात ना, म्हणून बरं असतं."

"बोलून गेले ग," मी म्हणाले.

"मग आता उरक लवकर. पोरीचं नेमणुकीचं पत्र आलं का?"

आलं नव्हतं. यादीत नाव होतं, पण पत्र येत नव्हतं. तिच्या मागच्या नंबरवाल्या मुलीला आलं, हिला नाही. सामरुआयनं पळी पातेल्याच्या काठावर आपटली. "येईल कसं? वर बाकी दिसतेय तुझ्या नावावर. दिलेलं परत घेतात हो ते. माझ्या आत्तेभावाची म्हैस परत घेतली."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पियानुत काही बोलायची नाही, पण पोस्टमनच्या मोटारसायकलचा आवाज आला की घास तसाच हातात धरून बसायची.

मी कामाला लागले. कपडे धुण्याच्या पावडरीचं खोकं कापून, पट्टीनं आखून, पहिला नमुना मी स्वतः केला. पुठ्ठ्याच्या उजव्या कडेला एक छोटा चौकोन बाहेर काढायचा, तोच कान. पहिल्या पुठ्ठ्याचा कान सगळ्यात वर, दुसऱ्याचा त्याच्या खाली, तिसऱ्याचा त्याच्या खाली, पायऱ्यांसारखे. फाईल मिटली तरी कडेला सगळे कान दिसतात. रविवार लाल, सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, बुधवारची रात्र काळी, गुरुवार नारिंगी, शुक्रवार निळा, शनिवार जांभळा. हवा तो कान धरा, ओढा, आपल्या गाथेवर या. एवढी साधी गोष्ट. मला मनातून थोडा अभिमानही वाटला, म्हणून त्या संध्याकाळी मी अर्धा तास जास्त ध्यान केलं.

सामरुआयनं नमुना पाहिला आणि म्हणाली, "अगदी देखणा! यात काही बदलू नकोस." सामरुआय रविवारची आहे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

विहारात कोणतीही वस्तू दान द्यायची तर समितीची मान्यता लागते. समितीचे अध्यक्ष सनान गुरुजी. शाळेतून निवृत्त झाले तरी बैठकीत बोलताना त्यांचा हात अजून खडू शोधतो. त्यांनी नमुना चष्म्याच्या वरून पाहिला, खालून पाहिला, मग उभा करून टेबलावर ठेवला.

"प्रनोमताई, मी हे कोणावर आरोप म्हणून बोलत नाही."

असं म्हणून माणूस पुढे काय बोलणार ते मला या वयात कळतं.

"ही पोथी फळीवर उभी राहणार. फळीला कोण टेकणार? शनिवार. मांडीवर धरली तर गुडघ्याशी कोण येणार? शनिवार. रविवारवाल्यांचा वार डोक्याशी आणि शनिवारवाल्यांचा पायाशी. यात मी शनिवारचा आहे हा मुद्दा नाही."

"गुरुजी, कोणता तरी एक कान खाली येणारच ना."

"तेच म्हणतोय मी. कोणता तरी. शनिवारच का?"

इथं माझी अडचण सांगायला हवी. मी रोज पाच शीलं पाळते आणि उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी आठ. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. आणि मी ते काटेकोर धरलं असल्यामुळे कठोर बोलणं, चहाडी आणि वायफळ बडबड हीही त्याच्या पोटात येतात. म्हणजे समितीच्या बैठकीत माणसं ज्यांच्या बळावर जिंकतात ती सगळीच हत्यारं मी घरी ठेवून गेलेली असते.

मी दुसरा नमुना केला. शनिवार वर, रविवार खाली. गुरुजी प्रसन्न झाले. घरी आले तर सामरुआयनं माझ्याकडे न बघता केळी ढवळली. रोज संध्याकाळी तिच्याकडून येणारी वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशी मीच गेले.

"रागावलीस का?"

"मी कशाला रागावू, ताई? मी आपली साधी मिठाईवाली. असू दे रविवार तळाला. सूर्य तसाही रोज मावळतोच."

आणि डोळ्याला पदर लावावा तशी तिनं फडक्यानं पातेल्याची कड पुसली.

तिसऱ्या नमुन्यात मी कडेचा नादच सोडला. कान वरच्या काठावर, डावीकडून उजवीकडे एका ओळीत. आता खाली कोणी नाही! पण गल्लीत नमुना फिरला आणि परत येईपर्यंत त्यातही वर-खाली निघालं होतं. डाव्या टोकाचे म्हणाले, आम्हाला कडेला ढकललं. उजव्या टोकाचे म्हणाले, फाईल उघडताना आमचेच कान आधी फाटणार. आणि मधोमध कोण होतं? बुधवार आणि बुधवारची रात्र. "प्रनोमताई दिसतात मऊ," कोणीतरी म्हणालं, "पण बघा, स्वतःचा वार कसा बरोबर मधोमध नेऊन बसवलाय."

हे मला फार लागलं. वार आहेत त्या क्रमानं मी लावले होते. बुधवार मध्ये येतो यात माझं काय कर्तृत्व? बोलणारा कोण ते मला कळलं होतं. त्या रात्री मी त्याच्यासाठी मैत्रीभावना केली. 'तो सुखी होवो, तो निरोगी होवो.' पहिल्या खेपेला लागू पडली नाही, म्हणून पुन्हा केली.

मग समितीतल्या कोणीतरी शंका काढली की धार्मिक ग्रंथ छापायचा तर जिल्ह्याच्या कचेरीचा शिक्का लागेल. मी पांढरे कपडे घालून गेले. खिडकीतल्या साहेबांनी आठही पुठ्ठे उलटसुलट केले.

"यात मजकूर कुठाय, मावशी?"

"मजकूर पोथीत आहे. हे फक्त कान आहेत."

"म्हणजे हा ग्रंथ नाही."

"नाही."

"मग ही कचेरीसामग्री. तिची खिडकी शेजारी." मी निघाले तर म्हणाले, "थांबा. यावर वारांची नावं आहेत. नावं म्हणजे मजकूर झाला. म्हणजे ग्रंथ. पण मग पानं कुठायत?"

शेजारच्या खिडकीनं मला परत पाठवलं, या खिडकीनं पुन्हा तिकडे. शेवटी साहेबांनी जेवणाचा डबा बाजूला सारला, पुठ्ठे पुन्हा हातात घेतले आणि आवाज उतरवून विचारलं, "शुक्रवार असा टोकाजवळ का?"

"तुमचा वार शुक्रवार का?"

"माझा वार इथं गैरलागू आहे," ते म्हणाले. "पण समितीनं फेरविचार केला तर आमची हरकत राहणार नाही. एकदा एकमतानं ठराव होऊ द्या. शिक्का काय, लगेच मारू."

एकमतानं! मी त्यांच्यासाठीही मैत्रीभावना केली, पण बसमध्ये, उभ्यानं.

वर्षावास जवळ आला. पत्राचा पत्ता नव्हता. पियानुतनं आता पोस्टमनची वाट पाहणं सोडून त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. मी बैठकीत गेले ती मनातल्या मनात हात जोडूनच. आणि तिथं सनान गुरुजी उठले. त्यांचा चेहरा असा होता की मला वाटलं आता फळ्यावर काहीतरी लिहिणार.

"मी यावर पुष्कळ विचार केला. वाद कशाचा आहे? उंचीचा आणि जागेचा. मग उंची एक करा, जागा एक करा! सगळ्यांचे कान वर. सगळ्यांचे उजव्या कोपऱ्यात. एकावर एक, तंतोतंत. कोणी वर नाही, कोणी खाली नाही, कोणी टोकाला नाही. धम्मासमोर सगळे सारखे."

टाळ्या पडल्या. समितीच्या बैठकीत मी टाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या. सामरुआयनं डोळे पुसले, या वेळी खरे.

मी म्हणाले, "पण गुरुजी, सगळे एकाच जागी आले तर पहिल्याच्या मागे बाकीचे झाकून जातील. दिसणार कसे?"

"ताई काय म्हणतायत?" मागून कोणीतरी विचारलं.

"संमती आहे म्हणतायत," सामरुआय म्हणाली. तिनं ऐकलं नव्हतं. पण इतका चांगला ठराव झाल्यावर मी दुसरं काय म्हणणार, अशी तिची खात्री होती.

ठराव एकमतानं झाला. शिक्काही लगेच बसला. मी घरी येऊन थविनना सांगितलं की मी न दिसणारे कान छापणार आहे. ते पंख्यात वाकून म्हणाले, "नवसात 'दिसतील' असं बोलली होतीस का?"

आठवून पाहिलं. नव्हते बोलले.

छापखाना क्वांगशेठचा. गावात लग्नपत्रिका, निवडणुकीची चित्रं आणि अंत्यसंस्काराच्या वेळी वाटायची पुस्तकं, सगळं तिथंच छापतात. मी गेले तो नेमका उपोसथाचा दिवस, म्हणजे मला दुपारनंतर अन्न वर्ज्य. आणि क्वांगशेठच्या यंत्राशेजारी त्यांची बायको बदकाचा रस्सा आणि शेवया वाढत होती.

"ताई, बसा, खा."

"आज नाही चालत."

"मग वास तरी घ्या. तुमचं काम पुढच्या आठवड्यात. आधी दोन अंत्यसंस्कार आहेत."

"शेठ, माझा नवस आहे."

"मेलेल्या माणसाला थांबवता येत नाही, ताई. जिवंत माणसं थांबतात." मग त्यांनी नमुना पाहिला आणि एकदम खुर्चीतून उठले. "सगळे कान एकाच जागी? म्हणजे कापायला एकच साचा! अहो, एवढं शहाणं गिऱ्हाईक मला पहिल्यांदा भेटतंय. लोक उगाच पायऱ्या पायऱ्या मागत बसतात. हे उद्याच करून टाकतो."

त्यांनी पुढे केलेल्या कच्च्या छपाईवर मी सही केली. डोळ्यांपुढे अक्षरांपेक्षा शेवयाच जास्त होत्या.

गठ्ठे घरी आले. रंग सुरेख. आणि बुधवारच्या रात्रीच्या पुठ्ठ्याची मागची बाजू उलटली तर त्यावर एक मनुष्य हसत होता. अर्धा मनुष्य. नाकापासून उजवीकडे. आणि जो कान बाहेर आला होता त्यावर बरोबर त्याचा एक डोळा.

मी धावत छापखान्यात गेले. "शेठ, हे कोण?"

"हे होय? भाताच्या गिरणीचे मालक. गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांच्या पुस्तकाची काळी मुखपृष्ठं उरली होती. काळा पुठ्ठा संपला हो ताई, बुधवार रात्रीला कोण विचारतं म्हणून... पुढची बाजू काळीच आहे ना?"

"अहो, पण त्यांना न विचारता?"

"त्यांना कसं विचारणार?"

मला दुसरं शील आठवलं. न दिलेलं घ्यायचं नाही. कोणाचा डोळा न विचारता घेणं हे त्यात बसतं की नाही हे कुठं लिहिलेलं नाही, पण माझा जीव राहिना. मी गिरणीवाल्यांच्या बायकोकडे गेले आणि पुठ्ठा पुढे ठेवून सगळं सांगितलं. बाईंनी नवऱ्याचा तो अर्धा चेहरा बोटानं पुसला.

"जिवंत होते तोवर विहाराची पायरी चढले नाहीत," त्या म्हणाल्या. "आता पोथीत बसून जातील. राहू द्या हो. आणि तो डोळा उघडाच राहू दे. वंदनेला डुलकी लागायची सवय होती त्यांना."

वर्षावासाच्या आदल्या पौर्णिमेला, सकाळी मी फायली मंडपात वाटल्या. पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि अडवू शकले नाही. सगळ्यात पुढे लाल रविवार दिसत होता, कारण बाकी सगळे त्याच्या मागे दडले होते. सनान गुरुजींनी फाईल मांडीवर घेतली, शांतपणे कड्या उघडल्या, जांभळा पुठ्ठा आणि त्यामागची पानं काढून सगळ्यात पुढे लावली आणि कड्या मिटल्या. टक्.

"गुरुजी, ठराव..."

"ठराव उंचीबद्दल आणि जागेबद्दल होता, ताई. पुढे-मागेबद्दल नव्हता."

मग मंडपभर टक्, टक्, टक्. सोमवारवाल्यांनी पिवळा पुढे आणला, मंगळवारवाल्यांनी गुलाबी. कचेरीचे साहेबही आले होते, टोपी मांडीखाली घेऊन शुक्रवार पुढे सरकवत होते. मेलेला माणूस आकडा सुचवतो अशी आमच्याकडे समजूत, आणि लॉटरीचा निकाल जवळ आलेला असल्यामुळे काही जण मात्र आधी गिरणीवाल्यांच्या डोळ्यात बराच वेळ आकडा शोधत बसले. थोड्या वेळानं प्रत्येक फायलीवर एकच कान दिसत होता, आणि तो ज्याचा त्याचा होता. एवढी समाधानी माणसं मी त्या मंडपात पूर्वी पाहिली नव्हती.

माझ्यासाठी ठेवलेली फाईल मी शोधायला लागले. ती गुरुजींकडे होती. गाथा गुडघ्यावर ठेवणं बरं नाही, म्हणून त्यांनी एक फाईल खाली पाटासारखी घेऊन तिच्यावर आपली ठेवली होती. मागायला हवी होती. पण मोठे भन्ते आसनावर येऊन बसले, सगळ्यांचे हात जोडले गेले, आणि मी रिकाम्या मांडीनं मागच्या रांगेत बसले.

मोठ्या भन्त्यांना आता कमी दिसतं. त्यांना कोणीतरी कौतुकानं सांगून ठेवलं होतं की नव्या पोथीला कान आहेत. त्यांनी रीतीप्रमाणे आपला हातपंखा चेहऱ्यासमोर धरला आणि म्हणाले, "उपासक-उपासिकांनो, पहिला कान उघडा."

सगळ्यांनी पहिला कान उघडला.

आणि मंडपातून सात गाथा एकदम निघाल्या. आठवी बुधवार रात्रीची, आणि त्या वाराची मंडपात मी एकटीच. रविवार खणखणीत, सोमवार लांबलचक, मंगळवार मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. पहिल्या क्षणी प्रत्येकाला वाटलं शेजारचा चुकतोय, म्हणून शेजाऱ्याला सावरून घ्यायला प्रत्येकानं आवाज वाढवला. शेजाऱ्यानंही तेच केलं. सामरुआयचा आवाज तर पातेल्यावर पळी आपटावी तसा. विहाराची कुत्री उठून रडायला लागली. शिकाऊ श्रामणेर एकमेकांकडे बघू लागले. भन्त्यांनी पंखा खाली केला, वर केला, पुन्हा खाली केला आणि मांडीवर ठेवून दिला.

ज्या गाथा आखूड होत्या त्या संपल्या, आणि प्रत्येक वाराची गाथा ठरलेल्या वेळा म्हणायची असते त्या नियमाप्रमाणे पुन्हा सुरू झाल्या. मी डोळे मिटून घेतले. या मंडपात पुन्हा कोणाचं पान चुकणार नाही, असं मी बोलले होते. इथं तर पानांचा पूरच आला होता. माझ्यासमोर एकच गोष्ट दिसत होती: पोस्टमन आमच्या दारावरून न थांबता पुढे जातोय, आणि पियानुत हातात घास धरून बसलीय.

हळूहळू एकेक वार थकला. शेवटी कचेरीचे साहेब एकटेच उरले, डोळे मिटून, शुक्रवार म्हणत. त्यांना कळलंच नाही. सगळे वळून बघत होते. त्यांनी शेवटची ओळ म्हटली, डोळे उघडले आणि टोपी शोधायला लागले.

भन्त्यांनी मांडीवरचा पंखा बाजूला ठेवला.

"पहिलाच कान उघडलात ना सगळ्यांनी?" भन्त्यांनी विचारलं.

"हो, भन्ते!"

"कोणाचं पान चुकलं?"

सनान गुरुजी म्हणाले, "आम्ही आमच्या पानावर होतो, भन्ते. बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा."

"आमचंही बरोबर होतं!" "आमचंही!" सगळ्या रांगांतून आलं. आणि ते खरंच होतं. प्रत्येकाची बोटं अजून बरोबर ओळीवर होती.

भन्त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं. "प्रनोम, तुझा नवस असाच होता ना? कोणाचं पान चुकणार नाही? मग फिटला. मी इथं बसतोय तेव्हापासून पान एकाचंही चुकलं नाही असं आज पहिल्यांदा झालं."

सामरुआयनं माझा हात दाबला. मंडपभर "साधु, साधु" झालं. संपलं होतं सगळं. मी नुसतं हात जोडायचे होते. पियानुतचं पत्र जणू दारातच उभं होतं.

पण कोणाचंही म्हणजे कोणाचंही. मीही मंडपात होते, आणि माझ्यासमोर पान नव्हतं. मी या गाथेतून त्या गाथेत भरकटत नुसती ओठ हलवत बसले होते. गप्प राहिले असते तर ते खोटं झालं असतं का? मी मनाशी पुष्कळ घासाघीस केली. चौथं शील मधेच उभं राहिलं, हलेना.

"भन्ते, माझं चुकलं. पान," मी म्हणाले.

कोणालाच ऐकू गेलं नाही. साधु, साधु चालूच होतं. एवढ्यावर सोडून देता आलं असतं. मी तर सांगितलं होतं. पण मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "माझं पान चुकलं होतं!"

कुत्री गप्प झाली. थविन पुरुषांच्या रांगेतून असे वळले की जणू पंखा फिरायला लागला.

भन्त्यांनी शांतपणे विचारलं, "तुझ्याजवळ पोथी होती का?"

"नव्हती, भन्ते." मी कोणाचं नाव घेतलं नाही. गुरुजी मात्र आपल्या खालच्या फायलीवर पंचा ओढत होते.

"मग पान कुठून चुकणार? पान चुकायला आधी पोथी लागते." भन्त्यांनी पंखा उचलला. "नवस फिटलाय. बस खाली."

मी बसले. डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात पंख्याच्या मागून पुन्हा आवाज आला, "पण काय ग प्रनोम, रोजची शीलं पाळणारी तू. स्वतःच्या वाराची गाथा तुला अजून पाठ नाही?"

मंडपातले सगळे वार माझ्याकडे वळले. माझ्या आयुष्यात जी काही अब्रू होती ती तेव्हा त्या फरशीवर पसरली, पानांसारखी. गोळा करायला कोणी वाकलं नाही.

पियानुतचं पत्र आलं. तिनं पोस्टमनला पाण्याचा पेला दिला आणि दारातच रडली. नेमणूक होती दक्षिणेच्या टोकाला, एका बेटावर. घरी यायचं तर आधी होडी, मग आगगाडी, मग बस. सामान बांधताना ती खुशीत होती आणि मी तिच्या जांभळ्या ब्लाउजच्या घड्या घालत होते, त्याच त्याच.

ती गेल्यावर मी विहारात गेले. सामरुआय सोबत होती. मी उदबत्त्या पेटवल्या, गुडघे टेकले, आणि या वेळी जीभ दातांखाली धरली. 'बदली जवळ होऊ दे. मी अंडी देईन. उकडलेली. बाकी काही नाही.' एवढंच. डोकं टेकवलं, उठले, इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

पायऱ्या उतरताना सामरुआयनं विचारलं, "आखूड बोललीस ना?"

"अगदी आखूड. अंडी."

"शाबास." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "कोंबडीची बोललीस, की बदकाची?"